शशिकलाताई काकोडकर म्हणजे फक्त भाऊंची पुण्याई?

मांडवीकाठ
काल एकाने लिहिलं, "ताई गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या ती भाऊंची पुण्याई, स्वतःचं कर्तृत्व शून्य." डोकंच सणकलं. ऑगस्ट 1973 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर अचानक गेले आणि खुर्ची मुलीकडे आली, कबूल. पण ताई 1967 पासून आमदार होत्या, 1972 ला राज्यमंत्री. 1977 ला भाऊ नव्हते, देशात जनता लाट होती, तरी मगोने (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, भाऊंचा आणि ताईंचा) विधानसभेच्या 30 पैकी 15 जागा काढल्या. आणि 1975 चा मुंडकार (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे) कायदा, 1976 ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती? कसणारं कूळ मालक ठरलं. भाटकारांना (जमीनदारांना) अंगावर घेऊन केलेलं हे काम शून्य कसं?

सासष्टीकर
15 म्हणजे निम्म्या, बहुमत नव्हे. दोन वर्षांत स्वतःच्याच आमदारांनी साथ सोडली, एप्रिल 1979 ला सरकार पडलं. पुढे ताई काँग्रेसमध्ये, मग पुन्हा मगोत. माहेरचं आडनाव बांदोडकर नसतं तर 1973 ला कुणी विचारलंही नसतं.

पेडण्यातला_कूळ
आडनावाचं राहू दे. माझा आजा भाटकाराच्या अंगणात चपला हातात धरून उभा राहायचा. पाचवी दुरुस्ती आली त्या वर्षी तो पहिल्यांदा चपला घालून त्या अंगणात गेला. बापाने हे मला शंभरदा सांगितलंय. पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबाराच) आज आमचं नाव कुळाच्याच रकान्यात आहे. मामलेदाराकडे तारखांवर तारखा. कायदा केला, अंमल कुणी करायचा?

डिचोलीची_बाई
तो दोष नंतरच्या सगळ्या सरकारांचा. आणि ताईंचं 1990 चं काम कुणाला आठवत नाही का? शिक्षणमंत्री असताना प्राथमिकचं अनुदान फक्त मराठी-कोकणी शाळांना, हे ठणकावून सांगितलं. त्या निर्णयामुळे आमच्या वाड्यावरची शाळा तगली. मी तिथेच शिकवलं.

सासष्टीकर
तोच निर्णय आमच्या मुळावर आला! माझी थोरली चौथीपर्यंत कोकणीतून शिकली आणि पाचवीत एकदम इंग्रजी. पोर वर्षभर रडत होती, गणित येत असून उदाहरण वाचता येईना. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी विनाअनुदानित शाळा गाठल्या. भरडले गेलो आम्ही.

डिचोलीची_बाई
मग पाचवीपासून नीट इंग्रजी शिकवा म्हणून भांडायचं होतं, पहिलीची मातृभाषा कशाला काढायची? 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी शाळांना अनुदान दिलं, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई मातृभाषेतल्या शाळांसाठी लढणाऱ्या भाषा सुरक्षा मंचाच्या आंदोलनात उतरल्या. ना खुर्ची मिळणार होती, ना तिकीट.

सासष्टीकर
मंचावरच्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत होती ते सांगा आधी.

डिचोलीची_बाई
माझी दोन्ही मुलं होती. दुसऱ्यांच्या घरात डोकावण्यापेक्षा मुद्द्यावर बोला.

पुणेकर_वाचक
गोवा तेव्हाच महाराष्ट्रात आला असता तर माध्यमाचा वादच उरला नसता.

मांडवीकाठ
1967 च्या जनमत कौलात गोव्याने वेगळं राहायचं ठरवलं, तो विषय संपला. विलीनीकरण मागणाऱ्या आम्ही मगोवाल्यांनीही तो कौल पचवला, तुम्ही कशाला उकरता? महाराष्ट्रातल्या मराठी शाळांची पटसंख्या बघा आधी.

पुणेकर_वाचक
चिडू नका, मराठीच्या काळजीनेच बोललो.

सासष्टीकर
बघा, विलीनीकरणाच्या या भीतीपोटीच आमच्याकडे मराठीचं नाव काढलं की लोक बिथरतात. असो. कूळ कायद्याचं श्रेय ताईंना देतो, भाऊंनी सुरू केलेलं त्यांनी तडीस नेलं. अनुदानाचं मात्र मरेपर्यंत मान्य करणार नाही.

डिचोलीची_बाई
नका करू. पण ताईंनंतर गोव्यात एकही बाई मुख्यमंत्री झाली नाही. पुण्याईच पुरत असती तर इतक्या पुढाऱ्यांच्या मुली-सुना कुठे अडल्या?

सासष्टीकर
याला माझ्याकडे उत्तर नाही.

मांडवीकाठ
पेडणेवाले, तुमच्या आजोबांनी भाटकाराला खंड भरल्याच्या पावत्या जपून ठेवल्यात का? आमच्या शेजाऱ्याचं प्रकरण जुन्या पावत्यांवरच सुटलं. असतील तर वकिलाला आधी त्या दाखवा.