कॉम्पॅक्टरचा कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटला, स्टॉप दाबूनही मोटार थांबेना. आता काय लावू?

देखभाल_पिंपरी
नमस्कार मंडळी. मी एका मॉलच्या मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे, 14 वर्षं झाली. मागच्या बाजूला कचरा दाबायचा हायड्रॉलिक कॉम्पॅक्टर आहे. 7.5 एचपीची मोटार, डीओएल स्टार्टर (मोटार थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू होते).

शनिवारी रात्री साडेनऊला हाउसकीपिंगच्या पोराचा फोन आला, "दादा, स्टॉप दाबलं तरी मशीन थांबत नाही." धावत गेलो. मोटार चालू होती, पण आवाज घोगरा, कण्हल्यासारखा. इमर्जन्सीचं मशरूम बटण दाबलं, तरी तेच, आणि रॅम (कचरा दाबणारा भाग) पुढे सरकतोय. शेवटी एमसीसीबी (मेन ब्रेकर) पाडला तेव्हा थांबलं. पोरगा अडकलेला पुठ्ठा ओढायला हात आत घालणार होता. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

कॉन्टॅक्टर उघडला तर आर आणि बी फेजच्या टिप्स (आतले वीज जोडणारे धातूचे तुकडे) वितळून चिकटलेल्या. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यावर सुटल्या, मध्ये मण्याएवढा गोळा. वाय फेजची टिप काळी, झिजलेली, पण सुटी. म्हणजे मोटार तीनऐवजी दोनच फेजवर फिरत होती. ओव्हरलोड रिले (जादा करंटला ट्रिप होणारा) ट्रिप होऊन बसला होता, पण तो फक्त कॉन्टॅक्टर ओढून धरणाऱ्या कॉइलची लाइन तोडतो. चिकटलेल्या टिप्स तो कशा सोडवणार?

हा कॉन्टॅक्टर मागच्या दिवाळीत नवा टाकलाय. दुकानातून 25 अँपिअरचा आणला, मोटार घेते 11. वर्षही पुरा झाला नाही. व्हेंडर म्हणतो व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावा, साहेब म्हणतात होता तसलाच आणा. कोणाचं ऐकू?

पॅनलवाला_चिखली
दादा, आधी त्या जळक्या कॉन्टॅक्टरची बाजू पुसून वाचा. त्यावर दोन आकडे असतात. एसी-1 म्हणजे हीटरसारखा लोड, एसी-3 म्हणजे मोटार. ज्याला दुकानात "25 चा" म्हणतात तो बऱ्याचदा एसी-1 ला 25 आणि एसी-3 ला फक्त 9 किंवा 12 असतो. मोटारीला एसी-3 चाच आकडा बघायचा.

दुसरं, पोरं बटण थोडं थोडं दाबून रॅम सरकवतात का? डीओएलला सुरू होताना मोटार सहापट करंट ओढते, म्हणजे तुमच्याकडे 65 च्या आसपास. वेग घ्यायच्या आत बटण सोडलं की तेवढाच करंट त्या टिप्सना तोडावा लागतो. त्याला एसी-4 म्हणतात. अशा कामात चांगला कॉन्टॅक्टरही लवकर संपतो.

देखभाल_पिंपरी
टॉर्च मारून वाचलं. एसी-3: 9 अँपिअर. दुकानदाराला काय बोलू, बघून घ्यायचं काम माझंच होतं.
आणि हो, पुठ्ठा अडकला की पोरं टक-टक दाबतातच. शिवाय आमच्या पॅनलमध्ये प्रत्येक फेरीला मोटार सुरू होते आणि रॅम मागे आला की बंद. काल संध्याकाळी उभा राहून मोजलं, तासात 52 वेळा.

तेलपाणी_कोल्हापूर
52! खरं दुखणं हेच आहे. मोटारीची वाइंडिंगही यात तापतेय, लक्षात घ्या.
रॅम पुढे-मागे करायचं काम व्हॉल्व्हचं आहे, मोटारीचं नाही. मोटार एकदा सुरू झाली की चालू राहू द्या, शेवटच्या फेरीनंतर 4-5 मिनिटांनी टायमरने बंद करा. फक्त त्याआधी एक बघा: व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत असताना गेजवर दाब किती? जवळजवळ शून्य असेल तर पंपाचं तेल टाकीत मोकळं परत जातंय, बिनधास्त चालू ठेवा. दाब चढलेला दिसला तर तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (जादा दाब सोडणारा) जातंय. मग तेल तापेल, आधी अनलोडिंगची, म्हणजे तेल दाबाविना टाकीत परत सोडायची, सोय करावी लागेल.
व्हीएफडीचा खर्च इथे करू नका. पंपाचा वेग तुम्हाला बदलायचाच नाहीये. सॉफ्ट स्टार्टरलाही (मोटार हळूहळू सुरू करणारा) तासाला किती स्टार्ट, याची मर्यादा असते.

अंबडची_इंजिनिअर
कॉन्टॅक्टर कुठला याच्या आधी मला एक विचारायचंय. मशरूम बटण दाबल्यावर रॅम पुढे का जात राहिला? तुमचं बटण फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल तोडतंय, व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह सरकवणारी विजेची कॉइल) वीज मिळतच राहिली. हे आधी सुधारा, नवा कॉन्टॅक्टरही कधीतरी चिकटेलच.

इमर्जन्सीने दोन्ही तुटलं पाहिजे, मोटारही आणि सोलेनॉइडचा सप्लायही. मोटारीला एकामागे एक असे दोन कॉन्टॅक्टर घाला, म्हणजे एक चिकटला तरी दुसरा सोडेल. दोघांचे एनसी कॉन्टॅक्ट (कॉन्टॅक्टर सुटलेला असताना जोडलेले राहणारे) सेफ्टी रिलेच्या (इमर्जन्सी सर्किटवर नजर ठेवणारा) रीसेट लाइनमधून न्या. एक जरी चिकटलेला असेल तर मशीन पुन्हा सुरूच होणार नाही. एनसी मिरर कॉन्टॅक्टच घ्या (मेन टिप चिकटलेली असताना तो जोडला जाऊच शकत नाही), साधा नको. दारालाही इंटरलॉक हवा, दार उघडलं की मशीन थांबेल असा. ओव्हरलोड रिले मॅन्युअल रीसेटवर ठेवा, ऑटोवर अजिबात नको.

आणि अडकलेलं काढताना एमसीसीबी बंद, त्याला कुलूप, चावी काढणाऱ्याच्या खिशात. वीज गेली तरी तेलात दाब राहतो, तोही उतरवायचा.

पॅनलवाला_चिखली
ताईंशी शंभर टक्के सहमत. साइझ म्हणाल तर एसी-3 ला 18 घ्या, टक-टक बंद होणार नसेल तर 25. ओव्हरलोड रिले मात्र मोटारीच्या प्लेटवरच्या करंटलाच सेट करा, कॉन्टॅक्टर मोठा म्हणून तो वाढवू नका. जुने एल अँड टीचे रिले पॅनलमध्ये असतील तर दुकानात आता लॉरिट्झ नुडसेन नावाने विचारा, 2024 पासून नाव बदललंय.
पॅनल पाण्याच्या पाइपने धुतात का? मग आयपी65 बॉक्स (धूळ-पाणी आत न जाणारा) आणि केबल ग्लँड खालून.

देखभाल_पिंपरी
ताई, तुमचं लिहिणं प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवलं. दोन कॉन्टॅक्टर आणि सेफ्टी रिलेला सही झाली.

काम रविवारी पहाटे केलं, मॉल उघडायच्या आत. गेजवर मधल्या स्थितीत काटा तळाशीच होता, म्हणून पाच मिनिटांचा टायमर टाकला. मग रॅम अर्ध्यात असताना मशरूम बटण दाबलं: रॅम जागच्या जागी, मोटारही गप्प. एका कॉन्टॅक्टरचं एनसी मुद्दाम सोडवून बघितलं, रीसेट झालं नाही. तीनदा केलं.

सोमवारी संध्याकाळच्या गर्दीत पुन्हा मोजलं, तासात 4 स्टार्ट. कुलूप आणलंय, चावीला लाल दोरी बांधलीय. त्या पोराकडून स्वतः दोनदा कुलूप लावून घेतलं.