व्हॉलंटियर मेडिकल टीमला डॉक्टर-लीडर हवा की कोच?

पिचबाहेरचा:
गेली काही वर्षं धावण्याच्या स्पर्धांना फिनिश लाईनजवळच्या मेडिकल टेंटमधे व्हॉलंटियर असतो, त्याआधी शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवायचो, त्यामुळे टेंटमधे शिरलं की डोळा आपोआप कोचचाच होतो. दरवेळी तेच. सगळे मनापासून आलेले, निम्मे एकमेकांना ओळखत नाहीत, सकाळचं ब्रीफिंग म्हणजे टीशर्ट वाटप आणि ग्रुप फोटो, आणि पहिला सिरियस पेशंट आला की पाच जण एकाच खाटेवर वाकतात, बाकीच्या चार खाटा वाऱ्यावर. लहान पोरं पहिल्यांदा खेळतात तेव्हा सगळी बॉलमागे धावतात ना, अगदी तस्सं.

माझं म्हणणं, लीडरने कोचसारखं वागावं. भाषण ठोकणारा कोच नव्हे हं. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच जॉन वुडन, बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं, ते खेळाडूंना आधी मोजे कसे घालायचे ते शिकवायचे, कारण सुरकुती राहिली की फोड येतो. 1974-75 च्या सीझनला दोन संशोधकांनी त्यांची प्रॅक्टिस बसून नोंदवली, तर शिकवण्याच्या 2326 नोंदींपैकी सुमारे 75 टक्क्यांत सरळ माहिती होती, काय कर, कसं कर. शाबासकी सातेक टक्के. आपल्याकडे उलटं, "चला टीम, फाडून टाकू" भरपूर आणि ऑक्सिजन सिलेंडरची चावी कुठेय ते कोणालाच ठाऊक नाही.

आडवा_प्रश्न:
वाचायला छान आहे, पण वुडनकडे तीच पोरं रोज होती, आणि ऐकलं नाही तर बाकावर बसवायची सोय होती. तुमच्याकडे आहे? फुकट आलेल्या माणसाला तुम्ही काय बसवणार, तो घरीच बसेल. शिवाय खेळात स्कोअरबोर्ड असतो, तुमच्याकडे कोणता? "किती पेशंट पाहिले" हा आकडा लावून बघा, लोक पेशंट तपासायचं सोडून रांग पळवायला लागतात. आणि जे कोच जिंकले त्यांचेच किस्से आपल्यापर्यंत येतात हो, मोजे नीट घालूनही हरलेले किती असतील.

स्टेथोवाली:
मी इमर्जन्सीत काम करते, दोघांचं थोडं थोडं पटतंय. कोचचा एक मोठा गुण कोणी बोललं नाही, तो लाईनच्या बाहेर उभा असतो. सीपीआरमधे, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबताना, मिनिटाला 100 ते 120 दाब, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही. आता लीडरच गुडघे टेकून दाबायला बसला तर घड्याळ कोण बघणार? आमच्याकडे नवीन डॉक्टरला हेच शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हात मागे घे आणि पायाशी उभा राहा. सगळ्यात हुशार माणसाला ते सगळ्यात जड जातं.

आणि खेळातून शिकणं काही नवीन नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलने हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळाला आयसीयूत सोपवायची पद्धत फॉर्म्युला वनच्या पिट क्रूकडे (शर्यतीत गाडी थांबली की काही सेकंदांत चाकं बदलणारी टीम) बघून, फेरारीच्या लोकांशी बोलून बदलली, 2007 ला त्यावर पेपर आला, हँडओव्हरमधल्या चुका कमी झाल्या. पण घेतलं काय, तर कोण कुठे उभं राहणार, आधी काय नंतर काय, बोलणार कोण. हाफटाइमचं भाषण नाही घेतलं!

आडवा_प्रश्न:
बरोबर, पण ते पगारी लोक, रोज तेच काम करणारे. आणि पिट क्रू म्हणजे कोच नव्हे, ही तर कवायत झाली. कवायत करा की, कोण नको म्हणतंय. माझा राग "कोच" या माणसावर आहे.

नवशिकी:
पहिल्यांदाच लिहितेय. नर्सिंगला होते तेव्हा अशाच एका टेंटमधे होते. एक धावपटू आला, आमचे सीनियर म्हणाले थकवा आहे, पाय वर करा, पाणी द्या. मी त्याला वार विचारला, त्याने भलताच सांगितला, परत विचारला तर माझ्यावरच खेकसला. शिकवलेलं आठवत होतं, उन्हाळ्यात पळून आलेला माणूस असा बरळला की उष्माघात डोक्यात आणायचा, आणि काखेतल्या थर्मामीटरवर विसंबायचं नाही. पण सीनियरांनी सांगितलंय ना. मी गप्प. दहाएक मिनिटांनी दुसऱ्या नर्सने गुदमार्गाने ताप घेतला, 41 सेल्सिअसच्या वर. मग बर्फाच्या पाण्यात, आधी थंड करा मग अँब्युलन्स. वाचला तो. ती दहा मिनिटं माझीच.

आडवा_प्रश्न:
ती दहा मिनिटं तुमची नाहीत, त्या सीनियरची आहेत. आणि हाच माझा मुद्दा! जिथे कोचचा शब्द शेवटचा तिथे असंच होतं. अमेरिकेतला बास्केटबॉल कोच बॉबी नाइट, त्याने 1985 ला भर मॅचमधे खुर्ची भिरकावली तरी पुढे पंधरा वर्षं त्याच टीमचा कोच होता, कारण टीम जिंकत होती.

पिचबाहेरचा:
हे मान्य, इथे मी चुकलो. मी कोच म्हणताना शिकवणारा धरून चाललो होतो आणि ओरडणारा विसरलो. मीही ओरडायचो पोरांवर, खोटं कशाला बोलू.

स्टेथोवाली:
नवशिकी, आम्ही दोन गोष्टी करतो. डब्ल्यूएचओच्या 2008 च्या सर्जरी चेकलिस्टमधे चीर देण्याआधी सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं असतं, ते उचललं, कारण जो एकदा मोठ्याने बोललाय तो परत बोलायला कमी बिचकतो. आणि दिवस संपला की चर्चेत सगळ्यात ज्युनियर आधी बोलतो, सीनियर शेवटी. पहिले दोन-तीन वेळा कोणी काहीच बोलत नाही, नुसते बुटांकडे बघतात. तेवढं सहन करायचं.

आडवा_प्रश्न:
हे चालेल. पण बाकाचा प्रश्न तसाच आहे. सरावाला न फिरकलेला सीनियर स्पर्धेच्या दिवशी येऊन "मी बघतो" म्हणाला तर?

पिचबाहेरचा:
झालंय. मी त्यांना नोंदी लिहायच्या टेबलावर बसवलं. दुपारी निघून गेले, आणि पुढच्या स्पर्धेला त्यांच्याबरोबर येणारे तीन फिजिओही आले नाहीत.

आडवा_प्रश्न:
म्हणजे जिंकलात की हरलात?

पिचबाहेरचा:
त्या दिवशी पाच खाटांवर पाच माणसं होती एवढं सांगतो. फिजिओंपैकी एकीला मेसेज केलाय, अजून निळी टिक नाही.