इंग्लंडमधलं टीव्ही लायसन्स रद्द करायचं आहे, पण यूट्यूबवरच्या लाइव्ह मराठी बातम्यांचं काय? मदत हवी आहे

जास्वंद_रेडिंग

नमस्कार. इथल्या टीव्ही लायसन्सची (टीव्ही बघण्यासाठी घरटी भरायची वार्षिक फी) नीट माहिती असलेल्या कुणीतरी कृपया सांगा. घरात आमचं एकमत होत नाहीये, आणि कायद्याच्या गोष्टीत मला अंदाजाने काही करायचं नाही.

घरी मी, नवरा आणि सात वर्षांची लेक. टीव्ही आहे, पण त्याला अँटेना जोडलेला नाही आणि डिशही नाही. मराठी मालिका, सिनेमे आम्ही ॲपवर आपल्या सवडीने बघतो. लेक यूट्यूबवर कार्टून बघते. बातम्या मी फोनवर वाचते. एप्रिल २०२५ मध्ये लायसन्स वर्षाला १७४.५० पौंड झालं होतं, म्हणजे महिन्याला साडेचौदा पौंड. जे बघतच नाही त्याचे हे पैसे लेकीच्या पोहण्याच्या क्लासला गेले तर बरं, असं मला वाटतं.

नवऱ्याचं म्हणणं, आपण बीबीसी बघत नाही, म्हणजे विषय संपला. मला ते इतकं सरळ वाटत नाही. तो आयपीएलच्या दिवसांत मॅच लाइव्ह लावतो. शिवाय मार्चमध्ये सासू-सासरे कोल्हापूरहून पाच महिन्यांसाठी येणार आहेत. बाबा सकाळी उठल्यापासून यूट्यूबवर मराठी न्यूज चॅनल लाइव्ह लावून ठेवतात आणि आईंना देवळातली सकाळची आरती बघायची असते. भारतातलं चॅनल, तेही यूट्यूबवर, याला इथलं लायसन्स कसं लागेल? की लागतं?

आणि रद्द करायचं म्हणजे बँकेत डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) थांबवलं की झालं का? पुढच्या वर्षी आम्ही नागरिकत्वाचा अर्ज करणार आहोत, त्यात याची काही अडचण येईल का?

लेस्टरकर

काढून टाका ताई. कोण बघायला येतं? माझ्या ओळखीत निम्म्या लोकांकडे नाही.

काटेकोर

लेस्टरकर, असा सल्ला देऊ नका. ज्याला लायसन्स लागत नाही त्याने रद्द करणं हा त्याचा हक्क आहे. लागत असताना न घेणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि दंड १,००० पौंडांपर्यंत होतो, वर कोर्टाचा खर्च. या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या की नव्याने आलेली माणसं अडकतात.

जास्वंद, तुमच्या यजमानांचा गैरसमज आपल्या बहुतेक घरांत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या फीचा मोठा भाग बीबीसीला जातो, त्यामुळे लोकांना वाटतं की ती बीबीसी बघण्याची फी आहे. कायदा तसा नाही. कोणत्याही चॅनलचा कार्यक्रम तो प्रसारित होत असतानाच बघितला किंवा रेकॉर्ड केला, की लायसन्स हवं. चॅनल कुठल्या देशाचं, भाषा कुठली, पडदा टीव्हीचा की फोनचा, सिग्नल अँटेनातून आला की इंटरनेटवरून, यातल्या कशानेही फरक पडत नाही. याशिवाय बीबीसी आयप्लेयर (बीबीसीचे कार्यक्रम बघण्याचं ॲप) ही वेगळी अट. त्यावर जुना कार्यक्रम बघायलाही १ सप्टेंबर २०१६ पासून लायसन्स लागतं.

म्हणून आयपीएलची मॅच चालू असताना बघितली तर लागतं, मग ती टीव्ही चॅनलवर असो की ॲपवर. संपल्यावर हायलाइट्स बघितल्या तर नाही. मालिकेचा भाग ॲपवर नंतर बघितला, लागत नाही. तोच भाग ॲपमधल्या ‘लाइव्ह टीव्ही’च्या कप्प्यात जाऊन चॅनलवर लागलेला असताना बघितला, तर लागतं. नेटफ्लिक्स, ॲमेझॉनवरचे सिनेमे मोकळे आहेत, पण ॲमेझॉनवर फुटबॉलची लाइव्ह मॅच लावलीत तर नाहीत.

बाबांचं न्यूज चॅनल यूट्यूबवर लाइव्ह असतं तेव्हा तेच प्रसारण तिकडे कोल्हापुरात केबलवरही चालू असतं. म्हणजे ते लाइव्ह टीव्हीच झालं. यूट्यूबवर आहे म्हणून सुटका नाही.

जास्वंद_रेडिंग

अरे बापरे. म्हणजे सध्या लायसन्स आहे ते बरंच आहे. पण बाबा त्यांच्या स्वतःच्या फोनवर बघतात, आमच्या टीव्हीवर नाही. आणि ते पाहुणे आहेत. तरीही?

काटेकोर

तरीही. लायसन्स माणसाला नसतं, पत्त्याला असतं. एक सवलत आहे. ज्याच्या घरच्या पत्त्याला लायसन्स आहे, त्याला बाहेर कुठेही स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या फोनवर किंवा टॅबलेटवर बघता येतं, मात्र ते चार्जरला लावलेलं असता कामा नये. होस्टेलवर राहणारी मुलं आईवडिलांच्या लायसन्सवर बघतात ती याच नियमाने. पण बाबांचा घरचा पत्ता कोल्हापूरचा, तिथे इथलं लायसन्स असण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे ते तुमच्या घरात लाइव्ह बघणार असतील तर तुमच्या पत्त्याला लायसन्स लागेल.

इंद्रायणीकाठ

आरतीबद्दल मी सांगते. देवस्थान स्वतःचा कॅमेरा लावून स्वतःच्या यूट्यूबवर गाभारा दाखवतं, ते टीव्ही चॅनल नव्हे. मी त्याला लायसन्सच्या बाहेरचं मानते. पण पुष्कळदा तीच आरती एखादं भक्ती चॅनल थेट दाखवत असतं आणि यूट्यूबवर आपण नकळत त्या चॅनलचा लाइव्ह लावतो. मी माझ्या आईला देवस्थानाचंच खातं उघडून दिलंय. तिला शोधावं लागत नाही आणि मलाही घोर नाही.

बाबांसाठीही मार्ग आहे. मराठी न्यूज चॅनल्स बातमीपत्रं आणि चर्चा नंतर वेगवेगळ्या व्हिडिओंत टाकतात. सकाळचं बातमीपत्र तासाभराने बघितलं तर लायसन्सचा संबंध येत नाही. पण खरं सांगू का, वयस्क माणसाला परक्या गावात दिवसभर मागे चालू असलेला आपल्या भाषेतला आवाज हवा असतो. बातमी हे निमित्त असतं. आमच्याकडे वडील आले तेव्हा मी लायसन्स ठेवलं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

भाऊ_साउथॉल

मी इथे खूप वर्षं आहे. भारतात आमच्याकडे रेडिओचं लायसन्स होतं, पोस्टात जाऊन नूतनीकरण करायचं. तिकडे ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. इथे नुसत्या रेडिओचं लायसन्स १९७१ मध्येच गेलं, त्यामुळे बीबीसीचा रेडिओ आणि त्यांचं साउंड्स हे ऐकण्याचं ॲप बिनधास्त ऐका. टीव्हीचं लायसन्स १९४६ मध्ये २ पौंडांना सुरू झालं, ते आजतागायत चालू आहे.

कुणाचे आईवडील इथेच कायमचे राहत असतील तर हेही लक्षात असू द्या. ७५ च्या पुढे सरसकट मोफत हे ऑगस्ट २०२० पासून राहिलेलं नाही. आता पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या निवृत्तांना मिळणारी सरकारी मदत) मिळणाऱ्यांनाच मोफत आहे. दृष्टी गंभीररीत्या अधू असल्याचा दाखला असेल तर निम्मी फी. बरेच जण पेन्शन क्रेडिटचा अर्जच करत नाहीत, तो आधी करा.

चंद्रभागा

रद्द करण्याची पद्धत, कारण हा प्रश्न राहिलाच.

आधी बँकेत जाऊ नका. डायरेक्ट डेबिट नुसतं थांबवलं तर टीव्ही लायसन्सिंगच्या (ही फी गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या) लेखी तुमचं लायसन्स रद्द होत नाही, तुम्ही हप्ता चुकवलेला असतो. टीव्ही लायसन्सिंगच्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर टाकून रद्द करण्याचा अर्ज भरा. कारण विचारतात, जे खरं आहे ते निवडा. त्यांचा रद्द झाल्याचा निरोप आला की तो जपून ठेवा आणि मग बँकेच्या ॲपमध्ये डायरेक्ट डेबिट उरलेलं नाही ना ते बघा. मुदत संपेपर्यंत पुन्हा लायसन्स लागणार नसेल आणि निदान एक पूर्ण महिना उरला असेल तर रिफंड मागता येतो. पाच महिने उरले असतील तर १७४.५० च्या दराने ७२ पौंडांच्या आसपास होतात, सोडू नका.

त्याच वेळी ‘लायसन्सची गरज नाही’ ही घोषणाही करून टाका. ती केलीच पाहिजे असा कायदा नाही, पण नाही केलीत तर ‘कायदेशीर रहिवासी’ असं लिहिलेली पत्रं येत राहतात आणि त्यांची भाषा घाबरवणारी असते. घोषणा काही काळच धरतात, मग पुन्हा विचारतात. खातरजमेला माणूसही येऊ शकतो. वॉरंट नसेल तर त्याला घरात घेण्याचं तुमच्यावर बंधन नाही. दारातूनच नम्रपणे नाही म्हणता येतं. दुपारी घरी एकट्या असणाऱ्या बायकांनी हे आवर्जून लक्षात ठेवा, कारण या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्यांत बायकांचंच प्रमाण बरंच जास्त आहे. दार उघडायला घरी त्याच असतात, हे त्याचं एक कारण.

टीव्ही विकायची गरज नाही. नुसता टीव्ही घरात असणं हा गुन्हा नाही. मी चॅनल्सचं ट्यूनिंग पुसून टाकलं आणि आयप्लेयरचं ॲप काढलं. सक्ती नव्हती, पण लेकरांच्या हातून चुकून लागायला नको.

काटेकोर

नागरिकत्वाबद्दल. लायसन्स रद्द केल्याने त्या अर्जावर काही परिणाम होत नाही. क्रेडिट स्कोअरशीही त्याचा संबंध नाही. पण लाइव्ह बघत असताना ‘गरज नाही’ असं सांगितलं आणि पुढे कोर्टाने दंड केला, तर अर्जात तो लपवता येत नाही, सांगावाच लागतो. चांगल्या वर्तणुकीची अट असलेल्या अर्जाच्या तोंडावर एवढ्याशा फीसाठी हा धोका कुणीही घेऊ नये.

जास्वंद_रेडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. मॅच संपल्यावरच बघायला तो तयार आहे, निदान तसं कबूल तरी केलंय. लेकीच्या टॅबलेटवर आयप्लेयर सापडलं, ते उद्या निघेल.

शेवटचा प्रश्न. आता रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा घेतलं तर चालतं का? बाबांचं बातम्यांचं चॅनल मला बंद करायचं नाही.

चंद्रभागा

चालतं, फक्त आत्ताच्या लायसन्सची मुदत मार्चच्या आधी संपत नसेल तर त्याचा रिफंड मिळेल असं धरू नका. ते येतील त्या दिवसापासून नवं घ्या, ते परत गेले की रद्द करून उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे मागा. फक्त नव्या लायसन्सचा मासिक हप्ता घेतलात तर पहिल्या वर्षाची सगळी रक्कम पहिल्या सहा महिन्यांतच कापतात, म्हणजे १७४.५० च्या दराने महिन्याला साधारण २९ पौंड. ते बघून घाबरू नका. जादा गेलेलं रिफंडमध्ये परत मिळतं, मात्र अर्ज तुम्हालाच करायचा असतो.

जास्वंद_रेडिंग

उत्तम. मग या महिन्याअखेर रद्द करते आणि बाबांची तिकिटं झाली की त्या तारखेपासून नवं घेते.