पदवीचा फायदा घराबाहेर कुठवर जातो? (सीमाभाग अनुभव धागा)

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ ला आलं, राणी चन्नम्मा २०१० ला. पदव्या वाढल्या, समाजाच्या पदरात काय पडलं, ते हिशेबानं लिहा. आत्मचरित्र नको.

फाउंड्रीवाला, उद्यमबाग
१०० टन ओतकामात ८ टन रिजेक्ट निघतं असं धरा. बहुतेक वेळा दोष साच्याच्या वाळूत. ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतो. वाढला की ब्लोहोल (ओतकामात वायूची पोकळी), उतरला की साचा ढासळतो. मेटलर्जी (धातुशास्त्र) शिकलेला माणूस दर तासाला नमुना घेऊन पाणी, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) बदलतो. रिजेक्शन ४ वर आलं, तर ४ टन पुन्हा वितळवायचे वाचले. टनाला ६०० युनिट धरली तर २,४०० युनिट वीज. यातला थोडाच वाटा त्याच्या पगारात जातो. बाकीचा मालकाला, गिऱ्हाइकाला. मात्र कॉलेजात वाळू तपासायच्या सँड लॅबला कुलूप असेल, तर पहिले सहा महिने शिकवायचा खर्च कारखान्याचा.

हिशेबनीस, टिळकवाडी
फी हाच खर्च धरतात, ही चूक. महिना १२,००० ची मजुरी तीन वर्षं सोडली, तर ४,३२,००० बुडाले. ते आधी मांडा. शिकून बाहेर जाणाऱ्यांचंही तसंच. जीएसटी जिथं खप तिथं लागतो, म्हणजे पुण्यात राहणाऱ्याच्या खर्चातला राज्याचा वाटा महाराष्ट्राला. शिकवायचा खर्च इकडं, वसुली तिकडं! घरी धाडलेले पैसे तेवढे इथल्या किराण्यात फिरतात.

कर्जाची फाइल बघणारा, खानापूर
शिक्षणाचं कर्ज धरा: दरवर्षी सुरुवातीला १ लाख, चार वर्षं, सरळव्याज १० टक्के. शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतंच: पहिल्या ते चौथ्या लाखावर ५०, ४०, ३०, २० हजार. पहिल्या हप्त्याआधीच ५,४०,००० झाले. दरमहा व्याज भरत गेलात तर मुद्दल ४ लाखच. आयकरात या व्याजाची वजावट ८ वर्षं, जुन्या करपद्धतीतच. घरचे नव्या पद्धतीत गेले की ती गेली.

निपाणीकर
देवचंद कॉलेज निपाणीला चिकटून, पण हद्द महाराष्ट्रातल्या कागल तालुक्याची आणि विद्यापीठ शिवाजी. रूम, खानावळ, झेरॉक्सची उलाढाल मात्र निपाणीत. हद्द ओलांडून फायदा कसा येतो, ते इथं उघड्या डोळ्यांनी दिसतंय.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागातून अर्ज करताना दोन दाखले वेगवेगळे लागतात: वादग्रस्त भागातला असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. एकावर भागत नाही. निकालानंतर धावाधाव करण्यापेक्षा आधीच काढून ठेवा.