मदत हवी आहे: फायनल फँटसी १४ ची फ्री ट्रायल, घणसोली + ठाणे, दोघांसाठी कोणतं डेटा सेंटर (सर्व्हरचा गट) आणि कोणता जॉब (पात्राचा पेशा)?

घणसोली_से९

नमस्कार मंडळी. फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेमची फ्री ट्रायल सुरू करायची आहे. खेळणार दोघं: मी घणसोलीत, ताई ठाण्यात कोलशेतला. दोन्हीकडे फायबर, १०० एमबीपीएस. खेळायची वेळ रात्री साडेनऊ ते बारा. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५०, एसएसडीवर २०० जीबी मोकळी. ताईचाही जवळपास तसाच.

रात्री दहाच्या सुमारास केबल लावून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद) मोजलं. युरोप १४५, जपान १५०, ओशनिया १९०, उत्तर अमेरिका २५५. युरोपचं मधूनच २१० पर्यंत उडतं, जपानचं स्थिर आहे. त्यामुळे जपान घ्यावं असं वाटतंय. बरोबर आहे का? ताईला हीलर (सोबत्यांना बरं करणारी) व्हायचं आहे, मला भाला किंवा बंदूक. सुरुवातीपासून एकत्र खेळता येईल ना? पहिल्या ५० लेव्हल रटाळ आहेत असं बरेच जण म्हणतात, त्यावर तुमचं स्पष्ट मत हवंय. आणि रबाळे-महापेची एवढी डेटा सेंटर घराला लागून आहेत, त्याचा काही फायदा होतो का?

येऊर_पायथा

शेवटच्या प्रश्नापासून. नाही, फायदा नाही. या गेमचे सर्व्हर महाप्यात नाहीत. युरोपचे जर्मनीत आहेत, जपानचे जपानमध्ये. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच. केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये राउटर येतात, म्हणून १२० ते १५० दिसतं. १४५ हा आपल्याकडून चांगला आकडा आहे.

पण डेटा सेंटर फक्त पिंगवर निवडू नका, घड्याळावर निवडा. तुमचे रात्री साडेनऊ ते बारा म्हणजे जपानमध्ये रात्री एक ते साडेतीन. तिथले लोक झोपलेले. जर्मनीत तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा ते साडेआठ, हिवाळ्यात पाच ते साडेसात. सगळे कामावरून येऊन लॉगिन करतायत. ड्यूटी फाइंडर (गटासाठी अनोळखी खेळाडू जोडणारी गेममधली सोय) त्या-त्या डेटा सेंटरमधलेच खेळाडू जमवतो. चार जणांच्या डन्जनला एक टँक (मार झेलणारा), एक हीलर, दोन डीपीएस (मुख्य मारा करणारे) लागतात, आणि चोवीस जणांच्या रेडला (मोठ्या गटाच्या लढाईला) तीन टँक, सहा हीलर, पंधरा डीपीएस. ते चोवीस जण जपानच्या पहाटे दोनला जमेपर्यंत तुमची झोपायची वेळ होईल. आणि ही रेड टाळता येत नाही: क्रिस्टल टॉवरची मालिका ५.३ पॅचपासून (ऑगस्ट २०२० चं अपडेट) मुख्य कथेत सक्तीची आहे.

जपानच्या एलिमेंटल डेटा सेंटरवरचा टॉनबेरी हा इंग्रजी बोलणाऱ्यांचा जुना वर्ल्ड (सर्व्हर) आहे, भाषेची अडचण तिथे कमी. पण वेळेचं गणित तेच राहतं. माझं मत युरोप.

खारीगाव_खाडी

युरोपला माझंही अनुमोदन. आता १४५ आणि २१० ने खेळात नेमकं काय बदलतं ते लिहितो, कारण "पिंग जास्त, गेम खेळता येत नाही" एवढंच सांगून लोक मोकळे होतात.

या गेममध्ये मुख्य हल्ले २.५ सेकंदांच्या चक्रात येतात (ग्लोबल कूलडाउन). दोन मुख्य हल्ल्यांच्या मधल्या फटीत एक किंवा दोन जोड कौशल्यं मारायची असतात. प्रत्येक बटणानंतर साधारण ०.६ सेकंद पात्र अडकतं, आणि तुमचं पिंग त्यात वर मिळतं. मुख्य हल्ला आणि दोन जोड कौशल्यं म्हणजे तीन वेळा अडकणं: १.८ सेकंद अधिक तीन पिंग.

१४५ ला होतात २.२४ सेकंद, २.५ मध्ये आरामात बसतात. २१० ला २.४३, जेमतेम. २५५ ला २.५७, म्हणजे पुढचा मुख्य हल्ला दर वेळी मागे सरकतो. उत्तर अमेरिका नको ती यासाठी.

याच हिशेबाने जॉब निवडा. मशिनिस्ट (बंदूक) हायपरचार्ज या वेगवान टप्प्यात दर १.५ सेकंदांनी हीट ब्लास्ट हा हल्ला मारतो आणि प्रत्येकाच्या मध्ये एक जोड कौशल्य बसवतो. १.२ अधिक दोन पिंग. १४५ ला १.४९, काठावर पास. २१० ला १.६२, प्रत्येक फेरीत ०.१२ सेकंद हातचे गेले. आपल्याकडून बंदूक हा सगळ्यात त्रासाचा पर्याय आहे. निन्जा या जॉबच्या मुद्राही अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागोपाठ द्यायच्या असतात, त्याही अडखळतात. सगळ्यात कमी त्रास समनर, ब्लॅक मेज, व्हाइट मेज या मंत्र मारणाऱ्या जॉबना. कथेतले डन्जन कुठल्याही जॉबने पार होतात, हा फरक वरच्या अवघड लढायांत जाणवतो. पण ज्या जॉबवर शंभर तास घालवायचे तो आत्ताच नीट निवडलेला बरा.

दुसरी गोष्ट, जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. जमिनीवर नारिंगी खूण दिसते, शत्रूचा कास्ट बार (हल्ल्याची तयारी दाखवणारी पट्टी) भरतो, खूण नाहीशी होते आणि मग स्फोट दिसतो. मार लागला की नाही हे स्फोटाच्या वेळी ठरत नाही. बार भरून खूण जाते त्या क्षणी सर्व्हरला तुम्ही कुठे दिसता त्यावर ठरतं. १५० पिंगला सर्व्हरवरची तुमची जागा थोडी मागे असते. म्हणून बार ८०-८५ टक्के भरायच्या आत खुणेबाहेर पाय हवा. एकदा खूण गेली की स्फोट व्हायच्या आधीसुद्धा परत आत जाता येतं, मार लागत नाही. टायटन या बड्या शत्रूच्या लढाईत त्याचा लँडस्लाइड हा ढकलणारा हल्ला चुकवता आला नाही तर चौथऱ्यावरून थेट खाली, आणि खाली पडलेल्याला हीलर उठवू शकत नाही. "मी बाहेर होतो, तरी ढकललं" ही तक्रार तिथेच सर्वांत जास्त ऐकू येते. कारण हे आहे, बिघाड नाही.

मंत्र मारणाऱ्यांसाठी उलट सवलत: कास्टचा शेवटचा साधारण अर्धा सेकंद उरला की चालायला लागलं तरी मंत्र तुटत नाही. ताईंना हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडायला सांगा.

मंत्रदंड_ऐरोली

एकत्र खेळण्याबद्दल दोन अडचणी आहेत, त्या आधी समजून घ्या.

पहिली, सुरुवातीचं शहर क्लासवर (सुरुवातीचा पेशा, तोच पुढे जॉब होतो) ठरतं. कॉन्जरर, लान्सर, आर्चर हे ग्रिडानियात. ग्लॅडिएटर, प्युजिलिस्ट, थॉमटर्ज उल्दामध्ये. मरॉडर आणि आर्कॅनिस्ट लिम्सा लोमिन्सात. वेगवेगळी शहरं निवडलीत तर लेव्हल १५ च्या आसपास कथेत हवाई जहाज मिळेपर्यंत भेटणं अवघड. ताईंनी कॉन्जरर घ्यावा (३० ला व्हाइट मेज, म्हणजे हीलर होतो), तुम्ही लान्सर (भाला). दोघं ग्रिडानियात, पहिल्याच दिवशी शेजारी उभे. क्लासची लेव्हल १० ची क्वेस्ट झाली की त्याच पात्रावर बाकीचे क्लास घेता येतात. मग हवाई जहाज मिळालं की लिम्साला जाऊन आर्कॅनिस्ट घ्या, तोच पुढे समनर होतो आणि सोबत स्कॉलर या हीलरची लेव्हलही आपोआप वाढते. दुसरं पात्र करायची गरजच नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. ट्रायल खात्याला स्वतः पार्टी बनवता येत नाही, कोणी बोलावलं तर जाता येतं. दोघंही ट्रायलवर म्हणजे एकमेकांना बोलावू शकत नाही. उपाय असा: पैसे भरलेल्या एखाद्या खेळाडूला विनंती करा, तो दोघांना पार्टीत घेईल आणि मग स्वतः बाहेर पडेल. मागे पार्टी तुमची राहते. शहरातल्या एथराइटजवळ (प्रवासाचा मोठा स्फटिक) से चॅटवर, म्हणजे जवळच्यांना दिसणाऱ्या चॅटवर, नम्रपणे विचारलं तर या गेममध्ये माणसं मदत करतात, नवख्याच्या नावापुढे हिरवा कोंब दिसतो तो त्यासाठीच. शाउट आणि येल हे लांबवर पोचणारे चॅट ट्रायलला नाहीत. मार्केट बोर्ड (खेळाडूंचा बाजार) नाही, रिटेनर (सामान ठेवणारा नोकर) नाही, फ्री कंपनी (खेळाडूंचा संघ) नाही, गिल (गेममधले पैसे) तीन लाखांवर जात नाही. ही यादी पॅचगणिक बदलते, म्हणून खातं उघडायच्या दिवशी अधिकृत पानावरची यादी वाचा.

हीलर आणि डीपीएस जोडीने डन्जनची रांग (क्यू) लावलीत तर डीपीएसची वाट पाहणं खूप कमी होतं. आणि ताईंना सांगा, ३० ला क्युअर २ हा बरं करणारा मंत्र मिळाला की क्युअर १ बारमधून काढून टाका.

रटाळपणाबद्दल स्पष्ट मत: हो, पहिला भाग संथ आहे. ५.३ मध्ये त्यातल्या क्वेस्ट (कामगिऱ्या) १३ टक्क्यांनी कमी केल्या, तरी ५० नंतर हेवन्सवर्डपर्यंतचा (गेमचा पहिला विस्तार) पट्टा निरोप पोचवण्यात जातो. बटणंही कमी असतात, त्यामुळे लढाई सपाट वाटते. पण हेवन्सवर्डची कथा त्याच पेरणीवर उभी आहे. ती पेरणी वगळून पुढे गेलेल्यांना पुढचे मृत्यू आणि विश्वासघात भिडत नाहीत. ६.५ पॅचपासून (ऑक्टोबर २०२३) स्टॉर्मब्लड हा दुसरा विस्तारही ट्रायलमध्ये आहे, लेव्हल ७० पर्यंत, वेळेची मर्यादा नाही. एवढा मजकूर फुकट देणारा दुसरा मासिक शुल्काचा गेम मला माहीत नाही. साइड क्वेस्ट सोडा, फक्त उल्केसारख्या चिन्हाच्या मुख्य क्वेस्ट करा आणि निळ्या अधिक-चिन्हाच्या. निळ्यांतून डन्जन आणि नवी सोय उघडते.

तुर्भे_नाका

थोडं वेगळं मत मांडतो. दोघांनीच खेळायचं आहे आणि आठवड्याला मोजके तास आहेत, तर गिल्ड वॉर्स २ चा विचार करा. मूळ गेम ऑगस्ट २०१५ पासून फुकट आहे, मासिक शुल्क नाही. युरोपचे सर्व्हर फ्रँकफर्टलाच, म्हणजे पिंग तेच. पण कमी लेव्हलच्या भागात गेलं की तुमची लेव्हल आपोआप खाली येते, आणि एकच शत्रू दोघांनी मारला तर अनुभव व लूट दोघांना पूर्ण. एक जण २० ला आणि एक ८० ला असला तरी अडत नाही. फायनल फँटसीत डन्जनच्या आत लेव्हल जुळवली जाते, पण कथा प्रत्येकाची वेगळी चालते. एक जण आठवडाभर आला नाही तर दुसऱ्याला थांबावं लागतं किंवा एकट्याने पुढे जावं लागतं. दोघांच्या खेळात हे फार बोचतं.

फुकट खात्यावर दोनच पात्रं आणि तीनच पिशव्यांच्या जागा मिळतात, सामानाची जागा पटकन भरते, हे त्यातलं उणं.

घणसोली_से९

सर्वांचे आभार. एकमेकांसाठी थांबायला आम्ही तयार आहोत, कथा हवीच आहे. तर युरोप, ग्रिडानिया, लान्सर आणि कॉन्जरर. युरोपचं ते १४५ चं २१० होणं मात्र कशाने? केबल लावलेली होती.

येऊर_पायथा

दोन शक्यता, आधी घरातली तपासा. गेम चालू ठेवून रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्क, मग टीसीपी कनेक्शन्स. तिथे गेमच्या ओळीपुढे लेटन्सी (म्हणजे पिंग) दिसते. त्याच वेळी घरातल्या फोनचं फोटो बॅकअप चालू करा. आकडा चढला तर अपलोडची रांग राउटरवर तुंबतेय. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (डेटाच्या रांगेला शिस्त लावणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा लाइनच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. ताईंकडे टॉवरमध्ये वायफाय असेल तर २.४ गिगाहर्ट्झ नकोच, आजूबाजूचे पंचवीस राउटर त्याच तीन चॅनेलवर असतात. ५ गिगाहर्ट्झ, आणि शक्य तर केबल.

फोन बंद असूनही उडत असेल तर ट्रेसरूट (डेटा कुठल्या टप्प्यांतून जातो त्याची यादी) दोनदा घ्या, १४५ असताना आणि २१० असताना. मुंबईबाहेर पडल्यावरचे टप्पेच बदललेले दिसले तर कंपनीने वाट बदलली आहे, घरून काही करता येत नाही. युरोपकडच्या बऱ्याच केबल तांबड्या समुद्रातून जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ त्या तुटल्या तेव्हा भारत-युरोप पिंग असंच चढलं होतं. दोन्ही ट्रेसरूट जोडून तक्रार नोंदवा, नुसतं "गेम अडकतो" लिहिलं तर स्पीड टेस्ट करायला सांगून तिकीट बंद करतात.

पिंग लपवणारी अ‍ॅनिमेशन लॉकची (बटणानंतर पात्र अडकतं तो वेळ कमी करणारी) जी बाहेरची साधनं मिळतात ती लावू नका. बाहेरची साधनं या गेमच्या करारात निषिद्ध आहेत, खातं जाऊ शकतं.

मंत्रदंड_ऐरोली

डाउनलोडआधी कंपनीचा फुकट बेंचमार्क (लॅपटॉपला गेम झेपतो का ते मोजणारा प्रोग्रॅम) चालवून बघा. डॉनट्रेलनंतर (२०२४ चा विस्तार) किमान जीटीएक्स ९७० आणि १४० जीबी जागा मागतात, तुमचं १६५० त्या काठावर आहे. सावल्या कमी, एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारी सोय) चालू.

आणि खातं कुठून उघडताय ते आत्ताच ठरवा. स्टीमवरून (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सुरू केलंत तर पुढची सगळी विस्तारं स्टीमवरूनच घ्यावी लागतात, थेट कंपनीकडून घेतलंत तर तिथूनच. दोन्हीची सरमिसळ चालत नाही. स्टीमवर यूपीआय चालतं. थेट घेणार असाल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावा लागेल. पूर्ण गेम एकदा त्या खात्याला जोडला की ते खातं पुन्हा ट्रायल होत नाही, म्हणून सेलमध्ये स्वस्त दिसला तरी स्टॉर्मब्लड संपेपर्यंत कोड टाकू नका.