शाळेची वेळ बदलली, भेटीचं वेळापत्रक कसं बदलायचं?

प्रश्न: परस्परसंमतीने घटस्फोट झाला आहे. कन्सेंट टर्म्सनुसार (दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींनुसार) मुलगी बुधवारी 5 ते 8 आणि एक आड एक शनिवार-रविवार बाबांकडे. जूनपासून तिचं दुपारचं सत्र, शाळा सुटणार 6 वाजता. बदल दोघांनाही मान्य आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवलं तर चालेल?

प्रतिसाद 1: एखाद्या आठवड्यापुरतं चालेल. वर्षभरासाठी नको, कारण वाद झाला तर जुना आदेशच लागू राहतो. घटस्फोटाचा हुकूमनामा (अंतिम आदेश) दिलेल्या कौटुंबिक न्यायालयातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज करा. दोघांच्या सह्यांच्या सुधारित अटी आणि शाळेचं वेळापत्रक जोडा. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, म्हणून एप्रिलमध्येच.

प्रतिसाद 2: शब्द नेमके हवेत. ‘दिवाळीची अर्धी सुट्टी’ लिहिलं की भांडण ठरलेलं, कारण लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज बहुतेकदा एकाच अर्ध्यात येतात. सम वर्षी पहिला अर्धा आईकडे, विषम वर्षी बाबांकडे, आणि तारखा शाळेच्या कॅलेंडरप्रमाणे, असं लिहा. बुधवार सोडून द्या. त्याबदल्यात बाबांनी शुक्रवारी शाळेतूनच न्यावं, सोमवारी शाळेतच सोडावं. दारातली तणातणी मुलीसमोर होत नाही, हा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा.

प्रतिसाद 3: त्यासाठी शाळेला आधी पत्र द्या: न्यायला येणाऱ्यांत दोघांची नावं, बसला दुसरा थांबा. गणवेशाचा एक जोड बाबांकडे ठेवा. फी, बस, वह्या-पुस्तकं यांचा वाटा वेगवेगळा लिहा. पावती पाठवल्यापासून 7 दिवसांत पैसे. नुसतं ‘शिक्षणखर्च निम्मा’ लिहिलं तर क्लासची फी हमखास अडते.