मदत हवी आहे: लिसनिंग टेस्टमध्ये तिघांना मागचा गोंगाट ऐकू आला पण बोलणं नाही, असं कसं होतं?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मानेवाड्याकडे एका शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. काल अंतर्गत गुणांची लिसनिंग टेस्ट घेतली, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर, म्हणून तीन बॅच केल्या. ऑडिओ म्हणजे स्टेशनवर दोघांचं बोलणं, मागे गर्दी, भोंगा वगैरे, आणि दोनदाच ऐकवायचा. पहिल्या बॅचला कूलरचा घरघराट होता, या दिवसांत तो बंद केला तर पोरं घामाने पेपर भिजवतात, पण हेडफोनमुळे निभावलं. दुसऱ्या बॅचला दुसऱ्यांदा ऐकवताना मधेच लाइन गेली, आल्यावर मी परत पहिल्यापासून लावलं, म्हणजे अर्धा भाग त्यांनी तीनदा ऐकला. हे चुकलं का?

पण खरा प्रॉब्लेम तिसऱ्या बॅचचा. तिघं म्हणाले, "मॅडम, गाडीचा आवाज येऊन राहिला, बोलणं नाही येऊन राहिलं." व्हॉल्यूम फुल होता. एकाचा हेडफोन मी कानाला लावला, गर्दी ऐकू आली, मला वाटलं चालू आहे, आणि मी त्याला म्हटलं नीट लक्ष देऊन ऐक. तो परत काही बोलला नाही. दहापैकी सात उत्तरं कोरी. वाचताना अडखळणारा मुलगा आहे पण कानाने ऐकलेलं पक्कं धरतो, त्याला मार्क मिळायची हीच तर जागा होती. हेडफोन घरी आणून मोबाइलला लावला तर आवाज एकदम स्वच्छ! फाइलही सगळ्यांना तीच होती. कोणाला काही कळतंय का?

प्रतिसाद:
मॅडम, पोरं खरं बोलत होती. हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रिंगा आहेत का बघा. माइकवाली ती पिन जुन्या सॉकेटमध्ये पूर्ण आत बसली नाही की ग्राउंडचा, म्हणजे दोन्ही कानांच्या सामाईक तारेचा, कॉन्टॅक्ट सुटतो, मग डाव्या-उजव्या बाजूला जे सारखं आहे ते एकमेकांना खोडतं. बोलणं बहुतेक दोन्हीकडे सारखं असतं म्हणून तेच गायब होतं, गर्दीचा आवाज दोन बाजूंना वेगळा असतो म्हणून तो उरतो. पिन दाबून बसवा, नाही जमलं तर दोन रिंगांचे साधे हेडफोन घ्या, सीताबर्डीत मिळतील.

प्रतिसाद:
ताई, त्या तिघांची टेस्ट परत घ्या पण ऑडिओ दुसरा, तितकाच कठीण. एव्हाना उत्तरं वर्गात फिरली असतील बाप्पा. लाइन गेली तर जिथे थांबलं त्याच्या एक वाक्य आधीपासून लावायचं, पहिल्यापासून नाही. मी तर चार्ज केलेला लॅपटॉपच वापरते. आणि झालं ते सगळं मुख्याध्यापकांना लिहून द्या, नंतर कोणी विचारलं तर कामी येतं.

मूळ प्रश्नकर्ती:
आज सकाळी लॅबमध्ये जाऊन बघितलं. तीन रिंगाच आहेत. पिन जराशी बाहेर ओढली आणि बोलणं गेलं, गर्दी तेवढी राहिली, दाबली की परत आलं. मधल्या सुट्टीत त्या मुलाला बोलावून तोच हेडफोन त्याच्या कानाला लावला, पिन ओढून दाखवली आणि म्हटलं, तू बरोबर सांगत होतास, मी ऐकलं नाही. शनिवारी तिघांची परत घेतेय, दुसऱ्या बॅचचं मुख्याध्यापकांशी बोलून ठरवते. कोणाकडे नववीच्या लेव्हलचा संवाद असेल तर प्लीज पाठवा, मागे गोंगाट नसलेला.